कुंकवाची फुली

शेजाऱ्यानं तुमच्या गाडीबद्दल विचारलं, तर तुम्ही त्याला खरं सांगता का?

लगेच हो म्हणू नका, आठवून पाहा. गाडी घेऊन वर्ष झालेलं असतं. पावसात पायाखालची चटई ओली होते, खड्डा आला की मागच्या दारात काहीतरी खडखडतं, आणि एकदा तर भर रस्त्यात असं काही झालेलं असतं की त्या रात्री घरात कुणी धड जेवलेलं नसतं. फाटकाशी उभा राहून शेजारी विचारतो, "कशी आहे हो गाडी?" तुम्ही म्हणता, "एकदम मस्त." खोटं बोलण्याचा तुमचा इरादा नसतो. आपण निवडलेली वस्तू वाईट निघाली, हे चारचौघांत कबूल करायची लाज वाटते, एवढंच.

या लाजेनं एका माणसाला कसं पोखरलं, ते मी पाहिलं आहे. ते आमचे यशवंतमामा.

म्हैसुरात नजरबादेतल्या आमच्या गल्लीत ते आम्हा सगळ्यांचेच मामा होते, पण सख्खे फक्त लताचे. लता त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. त्यांचे पूर्वज राजाच्या घोडदळात होते, असं ते सांगत. घोडी गेली, दल गेलं. उरली भिंतीवरची एक बोथट तलवार आणि मामांची ताठ मान. नोकरी मात्र त्यांनी कडकोळच्या एका कारखान्यात केली. तिथे लोखंडी पेट्या बनत आणि मामा त्या तपासत. हातात लाल खडू. पेटी ठीक नसली की तिच्यावर फुली.

"बरोबरची खूण काय, कोण पण करतंय," ते म्हणत. "फुली मारायला छाती लागते की. फुली मारली की दहाजण विचारतात, का मारली? बरोबरला कोण विचारतंय?"

निवृत्त झाले तरी ती सवय गेली नाही. मामा दिसेल ते वाजवून बघत. मधल्या बोटाचं पेर वाकवायचं, ठक ठक करायचं आणि मान कलती करून ऐकायचं. नारळ, कलिंगड, भिंतीचा गिलावा, लग्नात आहेरात आलेलं कपाट. एकदा तर नव्या जावयाच्या छातीवर वाजवून म्हणाले, "आयतु, झालं, भरीव आहे." मांडव हसला. जावई नंतर दिवसभर छाती चोळत होता.

माझं घर पत्रकांवर वाढलेलं. वडील युनियनचं काम करत, घरच्या जुन्या यंत्रावर पत्रकं छापत. आमच्याकडे पाहुण्यांना बसायला खुर्ची नसे, पत्रकांचे गठ्ठे असत. अक्षरओळख मला शाळेआधी त्या गठ्ठ्यांनी करून दिली, आणि पुढे मीही पत्रकं लिहायला लागले. पहिलं छापून आलं तेव्हा ते मामांना नेऊन दिलं. त्यांनी कागद कानाशी धरला, पेरानं वाजवला. मला ते पुट्टी म्हणत, कन्नडमध्ये छोटी पोर.

"पुट्टी, ह्याचा आवाजच येत नाही गं."

"मामा, कागद वाचायचा असतो."

"वाचतो की. पण जे वाजत नाही त्याच्यावर लोक भरवसा ठेवत नाहीत, नोड, बघ तू. आवाज खोटं बोलत नाही."

मी चिडले होते. ते मात्र हसत पत्रकाची घडी घालून खिशात ठेवून गेले. नंतर शारदामामींनी सांगितलं की त्यांनी ते दोनदा वाचलं.

मामांना घोडदळातून मिळालेली एक खरीखुरी गोष्ट म्हणजे त्यांच्या घरातली खंडेनवमीची रीत. इथे त्या दिवसाला सगळे आयुधपूजा म्हणतात. गावभर गाड्या धुतात, झेंडू बांधतात, चाकांखाली लिंबं ठेवतात, रस्त्यात कोहळे फुटतात. मामांच्या घरी याहून एक गोष्ट जास्त होती. पूजा झाली की घरातल्या वडीलधाऱ्यानं प्रत्येक हत्यारावर, प्रत्येक घोड्याच्या मानेवर हात ठेवून म्हणायचं, "हे दगा देणार नाही." ज्यानं ती वस्तू स्वतः वापरून पाहिली, त्यालाच हे म्हणायचा हक्क. घोड्यांच्या जागी सायकली आल्या, मग स्कूटर, शिलाईयंत्रं, मिक्सर. गल्लीतली आपली माणसंही आपली वाहनं मामांच्या दारात आणून लावायची. मामा आधी एक फेरी मारून बघत, मग हात ठेवत. त्यांनी शब्द दिला की बायका निश्चिंत होत. यात मला कधी अंधश्रद्धा दिसली नाही. वापरणारा माणूस दुसऱ्याला जबाबदारीनं सांगतो आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. आजच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा ती रीत मोठी होती.

मामांनी आयुष्यातली पहिली नवी गाडी घेतली ती साठी उलटल्यावर. त्यांच्याबरोबर लता आणि मी गेलो होतो. विक्रेत्यानं स्क्रीन, कॅमेरा, गाणी, सगळं दाखवलं. मामांनी तिकडे पाहिलंही नाही. ते दार उघडत होते, बंद करत होते. पुन्हा उघडत, पुन्हा बंद. धप्प. तिजोरीचं दार लागावं तसा दमदार, खोल आवाज.

"बिल्ड क्वालिटी, सर!" विक्रेता म्हणाला.

"श्श! ऐकू दे की."

मग त्यांनी बॉनेट वाजवलं, छत वाजवलं, आणि वळून लताला म्हणाले, "भरीव आहे. घे तू पण."

लता कडकोळला एका कंपनीत हिशेबनीस आहे. रोज नंजनगूडच्या रस्त्यानं जाणं-येणं, बरोबर तिची मुलगी मिनू, कारण मिनूची शाळा वाटेतच. तिला गाडी हवीच होती. तिनं दुसरी गाडी पाहिलीच नाही. मामांची पांढरी, हिची निळी. त्या वर्षीच्या खंडेनवमीला दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि मामांनी एक हात हिच्यावर, एक हात तिच्यावर ठेवून, नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हटलं, "ह्या दगा देणार नाहीत."

पुढे मी एका मेकॅनिककडून ऐकलं की हल्ली दाराचा आवाजसुद्धा ठरवून बनवतात. तसा आवाज यावा म्हणून दारात काय भरायचं, रबर किती जाड लावायचं, याचा विचार करायला माणसं नेमलेली असतात. म्हणजे यशवंतमामा कुठे वाजवून बघणार, हे त्यांना मामा शोरूमची पायरी चढायच्या आधीच माहीत होतं. जिथे आपलं बोट पोचतं तिथे त्यांनी भर घातली. जिथे पोचत नाही तिथे काय घातलं?

ते कळायला फार दिवस लागले नाहीत. चामुंडीचा डोंगर उतरताना एका वळणावर गाडी एकाएकी मुकी झाली. इंजिन बंद, समोर सगळे लाल दिवे, स्टिअरिंग जड. मामांनी हातब्रेक ओढला आणि गाडी कठड्याला टेकून थांबली. पुन्हा किल्ली फिरवली, तर काही झालंच नसल्यासारखी सुरू. शारदामामी घरी आल्या त्या थेट आमच्या स्वयंपाकघरात, आईकडे पाणी मागत.

"दृष्ट लागली गं," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणत होते ना, कसली गाडी, कसली गाडी. मी आज मिरच्या ओवाळणार."

मिरच्या ओवाळल्या. मामा सर्व्हिस सेंटरलाही गेले. तिथल्या तरुणानं गाडी कॉम्प्युटरला लावली आणि सांगितलं, "एकही एरर नाही सर. गाडी ओके."

"ओके असती तर मी इथं कशाला आलो? हवा खायला?"

"पेट्रोलचा प्रॉब्लेम असेल सर."

"दुसऱ्या कुणाची तक्रार आहे का अशी?"

"छे सर. तुमची एकच."

तुमची एकच. हे दोन शब्द लक्षात ठेवा.

मामांनी ते घट्ट धरले. तपासनीसच ते, हजारात एक नग खराब निघतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. आपल्याच नशिबी तो नग आला, असं त्यांनी ठरवून टाकलं. आपला नग वाईट म्हणजे लताचा चांगला. असं मानलं की दिलेला शब्द निम्मा तरी शाबूत राहत होता.

टी. नरसीपूरला संगमावर मामांच्या एका नातलगाचं कार्य होतं, तेव्हा मी त्या गाडीत होते. मामी आल्या नव्हत्या. मामा आता त्यांना गाडीत घेतच नसत, पण मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. दुपारची वेळ, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, मागे दोन ट्रॉल्या डुलत होत्या. आणि आमच्या गाडीतला आवाज गेला. कसा सांगू? पंखा बंद पडल्यावर खोली एकदम ऐकू येऊ लागते, तसं झालं. मला टायरांचा सरसर आवाज ऐकू आला, मामांचा श्वास ऐकू आला. त्यांनी ब्रेक दाबला. एकदा लागला, दुसऱ्यांदा पाय दगडावर ठेवल्यासारखा. दोन्ही हातांनी, अंगाचं वजन टाकून त्यांनी स्टिअरिंग डावीकडे ओढलं. आम्ही चिखलात उतरलो. ट्रॅक्टर उसाची पानं काचेवर घासत निघून गेला. चालकानं कन्नडमध्ये आमचा उद्धार केला.

मामा उतरले. दार लावलं. धप्प. तोच सुंदर आवाज.

"मामा, लताताई रोज मिनूला घेऊन जाते," मी म्हणाले.

"तिची वेगळी आहे."

"एकाच दिवशी, एकाच ठिकाणी घेतली."

"पुट्टी, साकु! पुरे!" ते इतक्या जोरात ओरडले की शेतातला बगळा उडाला. मग हळू म्हणाले, "रोज विचारतो मी तिला. रोज. ती म्हणते, सुपर आहे मामा. मग मी सुम्ने, उगीच, काय सांगू? जी चालली आहे तिला का घाबरवू?"

मी थांबले नाही. त्याच संध्याकाळी लताकडे गेले आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. लता भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मामांची ना? त्यांचं वय झालं गं. क्लचवरून पाय निसटला असेल."

"आणि तुझी?"

"माझी? सुपर." तिच्या हातातली कोथिंबीर काड्यांसकट बारीक होत होती. "तू हे बाहेर बोलू नको. मामांनी हात ठेवलाय दोन्ही गाड्यांवर. लोक काय म्हणतील त्यांना?"

त्या पावसाळ्यात मी मामांना बदलताना पाहिलं. त्यांनी वाजवणं सोडलं. दुकानात नारळ समोर आला की ते दुकानदाराला म्हणत, "तूच बघून दे." रोज सकाळी ते गाडी एकटेच बाहेर काढत, रिंगरोडला एक फेरी मारून आणत, जसं काही चावऱ्या जनावराला फिरवून आणतात. मामी उंबऱ्यात उभ्या राहत. आणि साडेआठच्या सुमारास निळी गाडी गल्लीच्या तोंडावरून जायची, तेव्हा मामा फाटक धरून उभे असत. मागच्या काचेतून मिनू हात हलवायची. ते हात हलवायचे नाहीत. गाडी वळेपर्यंत फक्त ऐकत राहायचे.

मग खंडेनवमी आली.

गल्ली नेहमीसारखीच झेंडूंनी पिवळी झाली होती. लोकांनी गाड्या आणून लावल्या. मामांनी एकेक करत सगळ्यांवर हात ठेवला: शिंप्याची दोन यंत्रं, दुधवाल्याची मोटारसायकल, आमचं छपाईचं जुनं यंत्र. शेवटी उरल्या पांढरी आणि निळी. मिनू निळीच्या पुढच्या सीटवर उभी राहून हॉर्न वाजवत होती.

मामांनी निळीच्या बॉनेटवर हात ठेवला. "ही," ते म्हणाले, आणि थांबले.

बायका थांबल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "विसरले वाटतं." मामी पुढे झाल्या, "अहो, म्हणा की."

मामांनी हात काढला. वाटीतलं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि स्वतःच्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर, जिथे सगळे हळदीकुंकवाचे पट्टे ओढतात तिथे, ठळक फुली मारली. एक तिरकी रेघ, तिला छेदणारी दुसरी. कारखान्यात मारत तशी.

"ही दगा देते," ते म्हणाले. "दोनदा दिलाय. मी सांगितलं नाही. शब्द दिला होता म्हणून गप्प बसलो. पोरीच्या गाडीचं मला ठाऊक नाही, पण तिच्यावर आता माझा हात नाही. लता, मिनूला खाली उतरव."

पूजेच्या दिवशी असं बोलतात? गल्ली चिडली. "अय्यो, सणाच्या दिवशी काय हे अशुभ!" "म्हातारा अरळू मरळू झाला," शिंपी म्हणाला, इथे साठी बुद्धी नाठीला तसं म्हणतात. "स्वतःला चालवता येत नाही नि गाडीला नावं!"

लतानं मिनूला उचलून घेतलं. ती मामांकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"माझी पण बंद पडते मामा," ती म्हणाली. "होळीपासून. तीनदा झालं. एकदा कडकोळच्या फाट्यावर, मागे लॉरी होती."

"रोज विचारत होतो की गं मी तुला!"

"तुमचा शब्द होता. मी कशी सांगू? सर्व्हिसवाले म्हणाले, मॅडम, तुमची एकच."

मामा खाली, पायरीवर बसले. माझ्या आयुष्यात मी इतका मोडलेला ताठ माणूस पाहिला नाही. तो स्वतःचा शब्द राखण्यासाठी गप्प होता, ती त्याचा मान राखण्यासाठी. आणि त्या दोन गप्पांच्या मधल्या सीटवर पट्टा लावून एक लहान मुलगी रोज शाळेत जात होती. मिरच्या, कोहळे, लिंबं सगळं आम्ही करून बघितलं. एकमेकांना सांगणं तेवढं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाड्या घरीच ठेवून दोघं मिळून सर्व्हिस सेंटरला गेली. मीही गेले. तोच तरुण, तोच कॉम्प्युटर. दोघांना एकत्र पाहून तो आत गेला आणि एका साहेबाला घेऊन आला. साहेब फार गोड बोलले. मागच्या नोंदींप्रमाणे दोन्ही गाड्या ओके होत्या. योगायोग होता. वर कळवतो म्हणाले. वरून अजून काही आलेलं नाही.

लता बसनं जाऊ लागली. निळी गाडी तिच्या अंगणात कापडाखाली आहे. मामांनी पांढरी पूजेच्या जागेवरून हलवलीच नाही. चाकांखालची लिंबं तशीच, न चिरडलेली, सुकून काळी झाली. फुली पुसायला मामी फडकं घेऊन गेल्या, तर ते म्हणाले, "राहू दे." उन्हानं ते कुंकू रंगात मुरलं.

मग एक दिवस ते आमच्या दारात आले. "पुट्टी, ते तुझं न वाजणारं असतंय ना, ते लिही एक. माझं नाव घाल." मी लिहिलं, मराठीत आणि कन्नडमध्ये, वडिलांनी छापलं. मामा ते घेऊन शोरूमसमोरच्या फुटपाथवर उभे राहत. बहुतेकांना तो एक चक्रम म्हातारा वाटला. एका जोडप्यानं कागद नीट वाचला आणि आत न जाता परत फिरलं. त्या दिवशी मामा घरी येऊन दोनदा वाढून घेऊन जेवले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते थंडी सुरू होताना. बेंगळुरूच्या मुलानं, विनायकनं, वडिलांना न विचारता पांढऱ्या गाडीची जाहिरात टाकली होती. एक तरुण नवराबायको बघायला आली. बायकोच्या कडेवर तान्हं. मामा गाडीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर, मफलर गुंडाळून बसलेले. त्यांनी त्या दोघांना सगळं सांगितलं: डोंगर, ऊस, लाल दिवे. खोकत, थांबत, पण काहीही न गाळता. तो तरुण ऐकताना हसू दाबत होता. मग त्यानं दार उघडलं, बंद केलं. धप्प. आणि पेर वाकवून छतावर ठक ठक वाजवलं.

"सॉलिड आहे गं," तो बायकोला म्हणाला. "अज्जांना विकायची नाहीये, म्हणून सांगतात."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आरशात पाहावं तसं ते त्या तरुणाच्या बोटाकडे पाहून माझ्याकडे वळले होते. मग खुर्चीचा आधार घेऊन उठले, दारासमोर आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "नाही विकायची. आयतु?"

संक्रांतीआधी ते गेले. छातीत कफ झाला होता. आम्ही सगळे दवाखाना आणि स्मशान यांतच होतो. पंधरवड्यानं मी मामींना भेटायला गेले, तर फाटकाशेजारची जागा रिकामी होती. विनायक म्हणाला, एजंट घेऊन गेला, पॉलिश करून विकतो म्हणाला, कुठे ते विचारलं नाही. जमिनीवर लिंबं होती. चारही चिरडलेली.

मी एजंटला गाठलं. तो सांगत नाही. म्हणून हे लिहिलं आहे, आणि म्हणून आता तुमच्याकडे एक मागणं मागते.

अलीकडे तुम्ही जुनी पांढरी गाडी घेतली असेल, तर उद्या सकाळी उन्हात तिच्या बॉनेटकडे तिरकं बघा. पॉलिशखाली फिकट गुलाबी दोन रेघा एकमेकींना छेदताना दिसल्या, तर मुलांना उतरवा आणि ती गाडी तिथेच उभी ठेवा. आणि तुमची गाडी दुसरी कुठलीही असो, ती एकदा जरी रस्त्यात मुकी झाली असेल, तर आज फाटकाशी जो कुणी भेटेल त्याला ते सांगा. तुमची एकच नाही. दार वाजवू नका. शेजाऱ्याला विचारा, आणि त्यानं विचारलं तर खरं सांगा.